वाचक नाणू आणि चार संगणक

पुन्नक्कडवूच्या विडी सोसायटीत सगळे विड्या वळत. नाणू तेवढा वाचत असे.

केरळात, कण्णूरकडच्या विडीच्या शेडमध्ये ही रीत जुनीच आहे. बाकीचे मांडीवर सूप घेऊन विड्या वळणार, आणि एक जण उंच स्टुलावर बसून मोठ्याने पेपर वाचणार. सकाळी बातम्या, मग अग्रलेख, जेवणानंतर कादंबरी. वाचणाऱ्याची मजुरी बुडू नये म्हणून संध्याकाळी प्रत्येक जण आपल्या सुपातल्या थोड्या विड्या त्याच्या सुपात टाकतो. इतर शेडमध्ये हे काम पाळीपाळीने चाले. पुन्नक्कडवूत मात्र नाणू ऐन पंचविशीत त्या स्टुलावर चढला तो अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत उतरलाच नाही.

याचं कारण काय, हे नाणूला कोणी विचारायची गरज नव्हती, तोच सांगत असे. कारण त्याचा आवाज. आवाजासाठी तो थंड पाणी पीत नसे, लोणच्याला हात लावत नसे आणि लग्नात आइस्क्रीमची वाटी समोर आली की संन्याशासारखा मान फिरवत असे. "आवाज ही सोसायटीची मालमत्ता आहे," असं तो बायकोला म्हणायचा. "मग घोरायचं असेल तेव्हा सोसायटीत जाऊन घोरा," असं कौसू म्हणायची.

अशा या सुखी माणसाच्या शेडमध्ये एक दिवस चार संगणक आले.

पंचायतीने मोहीम काढली होती: गावातल्या प्रत्येकाला संगणक चालवता आला पाहिजे. आधी अक्षरांची मोहीम झाली होती तेव्हाही आमच्या लोकांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाटीवर बसवलं होतंच, आता ही. सोसायटीला चार यंत्रं उसनी मिळाली. शेवटी परीक्षा. शेडमधले सगळे पास झाले तर यंत्रं कायमची इथे राहणार, एकजण जरी राहिला तरी ती नदीपलीकडच्या हातमागवाल्यांकडे जाणार. हातमागवाल्यांचं नाव निघाल्यावर शिकायचं की नाही यावर चर्चा उरलीच नाही.

शिकवायला आली शिम्ना. तिची आई याच शेडमध्ये विड्या वळायची. आईच्या सुपामागे बसून नाणूच्या तोंडून कादंबऱ्या ऐकत ही पोर मोठी झाली आणि आता आठवड्यातून दोनदा स्कूटरवरून शिकवायला येऊ लागली. जिला सगळ्यांनी नाक पुसताना पाहिलं होतं तिला सगळे मुकाट्याने टीचर म्हणू लागले. शिकवणाऱ्याला मान द्यायचा, मग तो पोटचा का असेना.

पहिल्याच दिवशी बालन बोलून गेला. बालन म्हणजे शेडमधला चर्चेचा कारखाना. विड्या कमी, मुद्दे जास्त. "टीचर, या यंत्रात म्हणे पेपरही येतो?"

"येतो बालनेट्टा. जगातला कुठलाही." आमच्याकडे वडील पुरुषाच्या नावाला एट्टा, म्हणजे दादा, जोडतात.

"म्हणजे एकदा आम्ही शिकलो की ज्याने त्याने आपापला वाचायचा." बालन नाणूकडे वळला. "नाणूएट्टा, तुमची सुट्टी. या खाली, सूप घ्या, आमच्याबरोबर वळा आता."

सगळे हसले. नाणूही हसला, पण सगळ्यांच्या नंतर. विडी वळून त्याला तीस वर्षं उलटून गेली होती.

त्या संध्याकाळी तो कमरेला गुंडाळलेल्या मुंडूच्या ओच्यात थोडी पानं, चिमूटभर तंबाखू आणि दोऱ्याचं रीळ घेऊन घरी गेला आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला. पान कापलं ते तिरकं गेलं. तंबाखू भरली ती एका टोकाने सांडली. गुंडाळलं तर पोट फुगलं, टोक दुमडलं तर पान फाटलं. शेवटी दोऱ्याने करकचून बांधलं तेव्हा हातात जे काही आलं त्याला विडी म्हणायला विडीचीच परवानगी घ्यावी लागली असती.

कौसूने मागून वाकून पाहिलं. "आज कसला सण? अडा करताय होय?"

अडा म्हणजे तांदळाचं पीठ आणि गूळखोबरं पानात गुंडाळून वाफवतात ती. नाणूने तो ऐवज चुलीत टाकला. तो धड पेटलासुद्धा नाही.

माणूस वाईट नसतो, घाबरलेला असतो. नाणूने मनाशी काही कट वगैरे रचला नाही. त्याने एवढंच केलं, की पुढच्या तासाला शिम्ना म्हणाली, "आधी पडद्यावर काय लिहिलंय ते वाचू या," तेव्हा तो सगळ्यांच्या आधी पुढे झाला आणि यंत्रासमोरच्या खुर्चीत बसला. चष्मा पुसला, घसा साफ केला आणि अग्रलेखाच्या आवाजात म्हणाला, "स्वागत आहे. आपले नाव लिहा."

आणि मग जे व्हायचं तेच झालं. नाणूचा आवाज कानावर पडताच शेडमधल्या सगळ्यांनी सुपं मांडीवर ओढली आणि हात कामाला लागले.

"खाली काय आहे, नाणूएट्टा?"

"खाली, पासवर्ड लिहा."

शिम्नाने समजावलं की वापरणारे वेगवेगळे असतात आणि या सगळ्यांवर एक प्रशासक असतो. कोणी कशाला हात लावायचा, कशाला नाही, हे तो ठरवतो.

बालनचे हात थांबले. "याला निवडून कोणी दिला?"

"कोणी नाही, बालनेट्टा. तो असतोच."

"असतोच म्हणजे? जमीनदारही असायचेच. ते कुठे गेले?"

यावर दोन तास चर्चा झाली. प्रशासकाचा पासवर्ड सर्वसाधारण सभेत हात वर करून ठरवावा, असा ठराव मंजूर झाला, आणि मंजूर पासवर्ड खडूने फळ्यावर, चहाच्या पाळ्यांच्या यादीशेजारी, ठळक लिहिला गेला.

"अहो, पासवर्ड गुप्त ठेवायचा असतो," शिम्ना म्हणाली.

"कोणापासून, मोळे?" देवू-एच्चीने विचारलं. देवू-एच्ची, म्हणजे देवूताई, शेडमधली सगळ्यात वडीलधारी; तिच्या लेखी शिम्ना अजून मोळे, म्हणजे पोरच होती. तिच्या विड्या इतक्या एकसारख्या की त्या मोजताना कंटाळा यायचा. शिम्नाने आजूबाजूला बसलेल्या सगळ्यांकडे पाहिलं.  पासवर्ड फळ्यावरच राहिला.

महिनाभर वर्ग असा दणक्यात चालला. नाणू खुर्चीत बसून एकेक गोष्ट करायचा आणि करता करता मोठ्याने सांगायचा. "आता फोल्डर उघडला. आता नाव दिलं. आता जपून ठेवलं." सुपांवर हात फिरत राहायचे आणि प्रत्येक पायरीवर मतं पडायची. टाकून दिलेलं कचरापेटीतून परत काढता येतं म्हटल्यावर देवू-एच्ची म्हणाली, "मग ती कचरापेटी नव्हे. ते माझ्या सुनेचं कपाट आहे." बंद करायच्या आधी यंत्र 'नक्की बंद करायचं ना' असं विचारतं, हे बालनला फार आवडलं. "आपल्या चेअरमनपेक्षा बरं. निदान विचारतं तरी."

शिम्ना प्रश्न विचारायची आणि अख्खी शेड एका सुरात उत्तर द्यायची. एक चूक नाही. पोरगी खूश. आपल्या हाताला यश आहे, असं तिला वाटू लागलं, आणि चारांपैकी तीन यंत्रांवर देवू-एच्चीने क्रोशाची झाकणं विणून घातली आहेत, ती कधी निघतच नाहीत, हे डोळ्यांसमोर असून तिला दिसलं नाही. कौतुक कानात गेलं की डोळे मिटतातच.

मग नाणूला भाच्याच्या लग्नासाठी पय्यन्नूरला जावं लागलं. नेमका त्याच दिवशी शिम्नाचा तास होता.

"आज देवू-एच्ची, तुम्ही बसा."

देवू-एच्ची येऊन बसली. माऊसवर हात ठेवला आणि वाट पाहत राहिली.

"करा की."

"काय करू?"

"नवा फोल्डर. तुम्हाला येतं ना?"

"येतं तर. आधी रिकाम्या जागी जायचं, उजवं बटण दाबायचं, यादी येते, त्यातलं पहिलं घ्यायचं, नाव द्यायचं." देवू-एच्चीने सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. हात जागचा हलला नव्हता.

"मग दाबा ना उजवं बटण."

"मी? दाबायचं काम नाणूचं."

शिम्नाने बालनला बसवलं. मग राहिलेल्यांना, एकामागून एक. सगळ्यांना सगळं तोंडपाठ होतं आणि यंत्राला बोट लावलेला माणूस त्या शेडमध्ये एकच होता, तो पय्यन्नूरला जेवत होता. परीक्षेला आठवडा उरला होता.

दुसऱ्या दिवशी तास नसतानाही तिची स्कूटर शेडसमोर येऊन थांबली. ती नाणूसमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर नाणूला बरं वाटलं असतं.

"नाणूएट्टा, महिनाभरात तुम्ही एकदाही खुर्ची सोडली नाहीत?"

"कोणी मागितलीच नाही, टीचर."

"आणि तुम्हीही दिली नाहीत."

नाणूकडे याला उत्तर होतं, पण ते चुलीत टाकून झालं होतं. 

"आजपासून यंत्राला तुम्ही हात लावायचा नाही. बाकीचे बसतील. पाळीपाळीने."

"मग मी काय करू?"

"पेपर वाचा. तेच काम ना तुमचं?" ती रागात बोलली आणि क्रोशाची झाकणं काढायला वळली.

नाणू स्टुलावर चढून पेपर वाचू लागला. वाचताना कोणाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पेपरच्या वरून नजर जायचीच. चौघे चौघे यंत्रांसमोर बसत होते, बाकीचे वळत होते. पहिल्या दिवशी बालन फोल्डर उघडायला गेला आणि त्याने यंत्रच बंद केलं. शिम्ना हाताला धरून दाखवत राहिली, आणि दोनतीन दिवसांत वेगळंच दिसू लागलं. नाणू भातपिकाच्या नुकसानीचं वाचत होता आणि बालनचा हात, जणू पान कापतोय असा, न बघता बरोबर जागी जात होता. देवू-एच्चीने एकेक अक्षर शोधत आपलं नाव लिहिलं आणि पडद्याकडे बघून बोळक्या तोंडाने हसली. नाणूला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आपल्याच तेराव्याची तयारी कोणी मन लावून करत असावं, तसं त्याला वाटलं.

परीक्षेच्या दिवशी तिरुवनंतपुरमहून परीक्षक आले. तिकडच्या माणसांना सार म्हणायचं असतं, आणि त्यांचं बोलणं कानाला तूप लावल्यासारखं असतं, म्हणून आमचे लोक त्यांच्यावर सहसा विश्वास ठेवत नाहीत. सारनी शेडमध्ये पाऊल ठेवताच सुपं बाहेर ठेवायला लावली. फळ्यावरचा पासवर्ड पाहून ते दचकले, पण बोलले नाहीत. मग म्हणाले, "यंत्र सुरू करायचं, आपल्या नावाचा फोल्डर करायचा, त्यात एक ओळ लिहून जपून ठेवायची आणि यंत्र नीट बंद करायचं. चौघांनी एका वेळी. वेळ घ्या, पण आवाज नको. एक शब्दही नको."

पहिल्या चौघांत नाणू होता. त्याचं चुटकीसरशी झालं. सार म्हणाले, "फार छान. बाहेर बसा." नाणू ओसरीवर येऊन बाकावर बसला. शेजारी सकाळचा पेपर पडला होता, घडीही न मोडलेला.

आत शांतता होती. कामाच्या वेळी त्या शेडने शांतता कधी ऐकलीच नव्हती. पंखा करकरतो हे त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना कळलं. नाणूने गजांतून पाहिलं. बालन कान खाजवत होता. दुसरे दोघे पडद्याकडे असे बघत होते की जणू तोच काहीतरी बोलेल. नाणूच्या जागी येऊन बसलेल्या देवू-एच्चीचा हात माऊसवर होता आणि हलत नव्हता. दारात शिम्ना ओढणीचं टोक चावत उभी होती.

नाणूला एका क्षणात सगळं कळलं. यांचे हात बिघडले नव्हते. हात चालतात ते कान भरलेले असले की. जन्मभर तसंच चाललं होतं आणि आठवडाभर सरावही तसाच झाला होता.

त्याला हेही कळलं, की आता आपण फक्त गप्प बसायचं आहे. बाकी काही करायची गरज नाही. हे नापास होतील, यंत्रं हातमागवाल्यांकडे जातील आणि उद्या सकाळी स्टूल आपलंच. कोणी बोट दाखवू शकणार नाही. सारनीच आवाज नको म्हणून सांगितलंय. नाणूने हात मांडीखाली दाबून धरले आणि समोरच्या फणसाकडे बघत बसला. पुन्हा आत पाहायचं नाही, असं त्याने ठरवलं, आणि पाहिलं.

देवू-एच्चीने मान जरा खिडकीकडे कलती केली होती. मदत मागत नव्हती ती. रोज सकाळी तो पेपरची घडी मोडायचा तेव्हा ती अशीच कान देऊन बसायची, एवढंच.

"मेलो," असं नाणू स्वतःशी म्हणाला. मग पेपर उचलला, घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. "बाजारभाव. सुपारी तेजीत. खोबऱ्याला मागणी नाही. काळी मिरी स्थिर."

आत बालनचा हात कानावरून खाली आला.

सार ताडताड बाहेर आले. "बंद करा ते. उत्तरं सांगताय?"

"मिरी सांगतोय, सार."

सारनी पेपर हिसकून पाहिला. मिरीच होती. "आत परीक्षा चाललीय."

"आत चाललीय. मी ओसरीवर आहे. मी पास झालोय, बाहेर बसायला तुम्हीच सांगितलंत. बाहेर बसून पेपर वाचू नये असा नियम असेल तर दाखवा, मी गप्प बसतो."

सारनी नियम आठवून पाहिला. आमच्या भागात नियम विचारला की समोरचा माणूस निम्मा हरतो. तेवढ्यात त्यांची नजर गजांतून आत गेली. चारही यंत्रांवर हात फिरत होते. देवू-एच्चीच्या पडद्यावर तिच्या नावाची दोन अक्षरं उमटली होती. सारनी पेपर परत दिला.

नाणूने बाजारभाव संपवले, निधनवार्ता वाचल्या, हरवलेल्या गाईची जाहिरात वाचली, अग्रलेख वाचला. एक गट उठला, दुसरा बसला. मग त्याने दक्षिणेकडच्या एका विहिरीत हत्ती पडल्याची बातमी धरली. हत्तीच्या गळ्याला दोर लागेपर्यंत सार खिडकीशी आले होते आणि बातमी संपल्यावर म्हणाले, "ते दोराचं जरा परत वाचा."

सगळे पास झाले. बालनने आपल्या ओळीत 'प्रशासकाची निवडणूक झालीच पाहिजे' असं लिहिलं होतं, त्यालाही सारनी पूर्ण गुण दिले. शिम्ना रडली. कोणीतरी केळ्याची भजी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बालनने यंत्रावर पेपर उघडला. भलंमोठं पान पडद्यावर आलं, सगळे भोवती जमले. नाणू स्टुलाकडे गेलाच नाही. कोणी उठवण्याआधी उठलेलं बरं, असा विचार करून त्याने कोपऱ्यातलं एक सूप घेतलं, पानं घेतली, कात्री घेतली आणि भिंतीला टेकून खाली बसला.

"नाणूएट्टा, हे काय?" बालनने विचारलं.

"काय म्हणजे? पेपर यंत्रात आला. तूच म्हणाला होतास ना, सूप घ्या म्हणून? घेतलं."

त्याने मान वर न करता पान कापलं, भरलं, गुंडाळलं, बांधलं.  देवू-एच्ची गुडघ्यावर हात देत उठली, त्याच्यासमोर येऊन बसली आणि ती विडी दोन बोटांत धरून उजेडात फिरवली.

"नाणू, हे काय आहे?"

"विडी."

"कौसू म्हणाली होती खरी, तू घरी अडा करतोस म्हणून."

नाणूचे कान तापले. "इतकी वर्षं वळली नाही. बोटं विसरलीत. येईल परत."

"विसरायला आधी यावं लागतं." देवू-एच्चीने ती विडी अलगद बाजूला ठेवली. "अरे, तू इथे लागलास तेव्हा तुझ्या विड्या दुकानदार परत आणून टाकायचे. ओढली की पान एकीकडे आणि तंबाखू दुसरीकडे. चेअरमन म्हणाले, याला काढा. आम्ही म्हटलं, घरचा एकटा कमावता आहे, चार बुकं शिकलाय, वाचायला बसवा. वाचायच्या आमच्या पाळ्या आम्ही तेव्हा सोडल्या. मला वाचायची किती हौस होती, माहीत आहे?"

नाणूने बाजूला ठेवलेल्या त्या विडीकडे पाहिलं. शेवटी त्याने विचारलं, "आणि माझा आवाज?"

"आवाज." देवू-एच्चीने प्रामाणिकपणे विचार केला. "पहिलं वर्ष फार जड गेलं. मग सवय झाली."

शेड हसून हसून लोळली. नाणूला राग यावा की रडू यावं ते कळेना, आणि थोडं थोडं दोन्ही आलं. तेहतीस वर्षं न खाल्लेलं लोणचं आणि आइस्क्रीम त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

"आणि काल बघितलंस," देवू-एच्ची म्हणाली, "आता त्या आवाजावाचून आमचा एकही हात हलत नाही. नासवलंयस तू आम्हाला. ऊठ."

तिकडे यंत्रासमोर बालन अडला होता. पेपरचं पान खाली सरकवायला एक हात लागत होता आणि त्याचं सूप रिकामं होतं. "अहो, मी वाचू की वळू?" तो वैतागून म्हणाला. "या दोन गोष्टी एका माणसाला जमत नाहीत. नाणूएट्टा, या बघू इकडे."

नाणू उठला. कोणीतरी स्टूल ओढून यंत्रासमोर ठेवलं होतं. त्याने चष्मा पुसला, घसा साफ केला आणि पहिली बातमी वाचायला घेतली. पहिल्याच ओळीला आवाज फाटला.  मागे सुपांवर कात्र्या चालू झाल्या होत्या.